ग्लुटेनशिवाय आयरिश सोडा ब्रेड : तिसऱ्यांदाही वीटच झाली, कुठे चुकतंय?

दांडियाबाजारची_सून
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतीच वाचत असते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

आम्ही बडोद्याचे. नवऱ्याचं हिमोग्लोबिन दोन वर्षं काही केल्या वर जाईना, लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, बीट-खजूर सगळं झालं, शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी केली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघितला आणि निघालं सीलिअ‍ॅक. म्हणजे ग्लुटेन, गव्हातलं ते चिकट प्रथिन, सोसत नाही. गहू बंद, जव बंद, राय नावाचं धान्य बंद, ते पण जन्मभर. आठ महिने झाले आता. पोळी त्याने सोडली, खाखरा सोडला, तक्रार नाही. पण रविवारी सकाळी सेव उसळ आली की हा माणूस वाटीकडे बघत बसतो. बडोद्याच्या माणसाला सेव उसळ पावाशिवाय म्हणजे काय ते बाहेरच्यांना नाही कळायचं. भाताबरोबर खाऊन बघितली, म्हणाला ही उसळ नाही, आमटी आहे.

धाकटी बहीण आयर्लंडला असते, तिने सांगितलं की तिकडे सोडा ब्रेड म्हणून असतो, यीस्ट नाही, मळणं नाही, फुगवत ठेवणं नाही, पीठ-सोडा-मीठ-ताक की झालं. मला वाटलं हे तर आपल्याला जमेलच. तीनदा केला. पहिल्यांदा नुसतं तांदळाचं पीठ घेतलं, तो वाळूसारखा भुरभुरला. दुसऱ्यांदा ज्वारी आणि दोन चमचे सोडा, फुगला बरा पण पिवळट तपकिरी आणि साबण खाल्ल्यासारखी चव. तिसऱ्यांदा मिक्स पिठं घालून चांगलं पंधरा मिनिटं मळलं, वर ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवलं, मग ओटीजीत. बाहेरून दगड, आत गचका, सुरी घातली तर पात्याला लगदा चिकटून आला. सासूबाई म्हणाल्या, "दारात ठेव, दार आपटणार नाही."

कुणी केलाय का? कुठे चुकतंय?

जुना_रावपुरेकर
अहो आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, बाजरीची आहे, थालीपीठ आहे, सोडून हे आयरिश चोचले कशाला? आमच्या वेळी कुणाला ग्लुटेन माहीत नव्हतं, सगळे ठणठणीत होते. हल्लीचं फॅड आहे सगळं.

दांडियाबाजारची_सून
काका, भाकरी रोजच असते हो. प्रश्न उसळीचा आहे. भाकरी तर्रीत बुडवली की तिचा काला होतो, पाव तर्री पितो. फरक आहे ने?

अकोट्याची_आई
काका, फॅड नाही हे. नेदरलँड्सचे डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांनी १९५० मध्ये प्रबंधच लिहिला गहू आणि या आजाराच्या संबंधावर. आणि ठणठणीत काय म्हणता, तेव्हाची अशी पोरं "अंगी लागत नाही" म्हणून तशीच राहायची. माझी लेक सहा वर्षांची असल्यापासून आम्ही यात आहोत, आता ती चौदाची आहे. दांडियाबाजारताई, मी रात्री सविस्तर लिहिते, ब्रेडपेक्षा महत्त्वाचं एक विचारायचंय तुम्हाला.

लीकाठची_मावशी
मूळची बडोद्याची, आता बरीच वर्षं आयर्लंडमधल्या कॉर्कला. माझ्या सगळ्यात आवडत्या विषयावर धागा आलाय म्हणून भाकरी तव्यावर सोडून आलेय.

आधी एक सांगते, सोडा ब्रेड हा यीस्टच्या ब्रेडचा गरीब भाऊ नाही, तो वेगळाच प्राणी आहे. इकडचा गहू मऊ, त्यात ग्लुटेन कमी, त्याचा यीस्ट घालून चांगला पाव होत नसे. एकोणिसाव्या शतकात, १८३०-४० च्या सुमारास खायचा सोडा स्वस्तात मिळायला लागला, आणि घरोघरी लोणी काढल्यावर उरलेलं आंबट ताक होतंच. सोडा अधिक आंबट ताक, झाला पाव. ओव्हन बहुतेकांकडे नव्हताच, बॅस्टिबल नावाचं बिडाचं झाकणाचं भांडं असायचं, ते चुलीवर टांगायचं आणि झाकणावर पेटत्या पीटचे (दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या इंधनाचे) निखारे. आपल्याकडे कोकणात धोंडस करताना वरखाली निखारे ठेवतात ना, अगदी तेच.

म्हणजे ज्या ब्रेडला मुळातच ग्लुटेनची फारशी गरज नव्हती तोच तुम्ही निवडलाय, बहिणीला शाबासकी द्या. आणि म्हणूनच तो मळायचा नाही. गव्हाचं पीठ असलं तरी इथल्या आज्या जेमतेम गोळा करतात, हाताची बोटं फाकवून दोन-चार वेळा फिरवली की बस. वरती सुरीने खोल फुली मारायची. म्हणतात की त्यातून पऱ्या बाहेर जातात :) खरं काम म्हणजे जाडजूड गोळ्याच्या मधोमध उष्णता पोचते आणि तो कुठेही आडवातिडवा न फाटता फुलीवर उमलतो.

आणि उत्तर आयर्लंडमध्ये तर तो भाजतातच तव्यावर. गोल थापायचा, चार पाकळ्या कापायच्या, जाड तव्यावर दोन्हीकडून. त्याला फार्ल म्हणतात, म्हणजे चौथा हिस्सा. ओटीजीने फारच छळलं तर तवा आहे हे लक्षात ठेवा.

खमणप्रेमी
मनुका आणि शहाजिरं घालतात ना त्यात? मी व्हिडिओत बघितलं.

लीकाठची_मावशी
ते अमेरिकेत गेलेल्या आयरिश लोकांचं. इथे साधा तो साधा. मनुका घातल्या की नाव बदलतं, स्पॉटेड डॉग म्हणतात, म्हणजे ठिपक्यांचा कुत्रा. उसळीबरोबर मनुका नका घालू बाई, पाया पडते.

मोजूनमापून
मी घरगुती बेकिंग करते, ग्लुटेनवालं आणि बिनग्लुटेनचं दोन्ही (वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी, आधीच सांगते). ताई तुमच्या तिन्ही प्रयोगांत तीन वेगळ्या चुका आहेत आणि तिन्ही मी पण केल्यात.

साबणाची चव म्हणजे सोडा उरला. सोड्याला आंबट हवं, आंबट संपलं की राहिलेला सोडा तोंडात येतो आणि रंगही तसाच पिवळा-तपकिरी करतो. अंदाज असा धरा की वाटीभर म्हणजे साधारण २४० मिली चांगल्या आंबट ताकाला अर्धा चहाचा चमचा सोडा, सपाट. तुम्ही दोन चमचे घातलेत, ते चार वाट्या ताकाचं माप झालं. ताकही बघा, बडोद्यात थैलीतली छास गोडसर असते आणि मसाल्याची तर अजिबात नको, मीठ-जिरं आधीच असतं त्यात. घरचं दही दोन दिवस बाहेर ठेवा, चांगलं आंबलं की घुसळा. पारख सोपी आहे, चमचाभर ताकात चिमूट सोडा टाका, लगेच सुर्रकन फेस वर आला पाहिजे. नुसते दोन बुडबुडे आले तर ते ताक जेवताना प्या.

तिसऱ्या वेळी मळून अर्धा तास ठेवलात तिथे घात झाला. सोडा ओल्या ताकाला लागला की तिथल्या तिथे गॅस सुटायला लागतो, यीस्टसारखा थांबत नाही. अर्ध्या तासात सगळा गॅस तुमच्या स्वयंपाकघरात गेला, ब्रेडमध्ये काय राहिलं? हांडवा करताना सोडा सगळ्यात शेवटी घालून फेटून लगेच कुकरमध्ये ओतता ना, तोच नियम. ओव्हन आधी तापवून ठेवायचा, मगच ओलं-कोरडं एकत्र करायचं.

आता भुरभुरणं. गव्हात ग्लुटेनचं जाळं असतं, ते गॅस धरून ठेवतं, तांदळात नाही. बदली कोण? इसबगोल. ऊंझ्याचा माल आहे, आपल्याच राज्यातला, बाहेरचे लोक त्याच्या पुड्या सिलियम हस्क म्हणून महागात घेतात आणि आपण पोट साफ व्हायला खातो. त्याचा पाण्यात चिकट जेल होतो आणि तो जाळीचं काम करतो. माझं माप : ज्वारीचं पीठ १५० ग्रॅम, तांदळाची पिठी १०० (मोदकाची असते तशी बारीक, जाडी असली तर दाताखाली रवाळ लागते), साबुदाणा मिक्सरमध्ये दळून चाळून ५०. मीठ एक चमचा, सोडा पाऊण चमचा. इसबगोल १२ ग्रॅम, वजनकाट्यावरच घ्या, फुगीर असतो, चमच्याने फसायला होतं. आंबट ताक ३४० मिली, एक मोठा चमचा तेल. इसबगोल ताकात घालून पाच मिनिटं ठेवा, खळ झाली की त्यात सगळं कोरडं एकदम, लाकडी चमच्याने जोरात मिनिटभर, बस. हात ओले करून गोळा, फुली, आणि २०० डिग्रीला ४५ ते ५० मिनिटं.

आणि गार होऊ द्या!! निदान दीड-दोन तास. तुमचा लगदा अर्धा त्यामुळेच. बिनग्लुटेनचा ब्रेड बाहेर आल्यावर पण आतून अजून बसत असतो, गरम कापला की चिकटणारच.

चुलीवरची_आजी
मला नातवाने टायपून दिलं आहे. पोरी, ज्वारीचं पीठ ताजं आहे का ते आधी बघ. जुन्या पिठाची विरी जाते मग भाकरीसुद्धा तुटते तर ब्रेड काय टिकणार, आणि कडू पण लागतं. भाकरी तुटायला लागली की आम्ही काय करतो, आधण घालून उकड काढतो. चिकटपणा ज्वारीतच असतो, त्याला कढत पाण्याने जागं करावं लागतं. त्या परदेशी बाईने तव्याचं सांगितलं ते मला पटलं, त्याला थोड्या पिठाची उकड काढून घाल बघ.

मोजूनमापून
आजी, साष्टांग. मी काट्यावर ग्रॅम मोजत बसले आणि तुम्ही एका वाक्यात सांगितलंत. फक्त उकड पूर्ण गार झाल्यावरच ताक-सोडा घालायचा, आणि उकडीत जेवढं पाणी गेलं तेवढं ताकातून कमी करायचं. ताक कमी म्हणजे सोडाही त्या मानाने कमी.

अकोट्याची_आई
आले. ताई, पीठ कुठे दळता?

दांडियाबाजारची_सून
घरीच की, घरघंटीवर. हातीखान्यातून ज्वारी आणते, निवडते, दळते. बाहेरच्या गिरणीवर विश्वास नाही माझा.

अकोट्याची_आई
वाटलंच मला. आणि त्याच घरघंटीवर बाकीच्यांसाठी गहू पण दळता ना?

हेच आमच्याकडे झालं होतं. वर्षभर लेकीला गव्हाचा कण दिला नाही, म्हणजे असं मी समजत होते, आणि रिपोर्ट काही खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं, पीठ कुठलं? मी अभिमानाने सांगितलं घरचं. घरी येऊन घंटी उघडली, पात्यांच्या मागे, जाळीच्या कडेला, खालच्या पिशवीच्या शिवणीत, सगळीकडे गव्हाचं पीठ बसलेलं. ब्रशने झाडून ते जात नाही. आपल्याकडे फूड सेफ्टीवाल्यांचा नियम आहे की ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या खाली ग्लुटेन पाहिजे. किलोभर पिठात २० मिलिग्रॅम म्हणजे काय असतं विचार करा, चिमटीतसुद्धा येत नाही. आम्ही दुसरी घंटी घेतली, तिच्यावर लाल पट्टी चिकटवली, त्यात गहू कधीच नाही. दुसरी घेणं शक्य नसेल तर उलटं करा, घरची घंटी फक्त ज्वारी-तांदळाची आणि गहू बाहेर गिरणीत पाठवा.

आणखी, पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर त्याचं वेगळं. चाळणी वेगळी. आणि हिंग!! बांधानी हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच जणांत मैदा असतो. आम्हाला हे तीन वर्षांनी कळलं, तोपर्यंत रोज डाळीला फोडणी चालू. ओट्स पण साधे नकोत, ते गव्हाबरोबर शेतात-कारखान्यात मिसळलेले असतात. इथल्या एका बेकरीत काचेच्या कपाटात "ग्लुटेन-फ्री" पाटी लावून कुकीज ठेवलेल्या, खालच्याच फळीवर नानकटाई, आणि चिमटा एकच. मी तेव्हापासून पाटी वाचतच नाही, चिमटा बघते.

हां, आणि घरात दुसऱ्या कुणाला तपासायचं असेल (रक्ताच्या नात्यात असू शकतं) तर तपासणीआधी गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट खोटाच चांगला येतो.

दांडियाबाजारची_सून
वाचून हातपाय गार पडले. आत्ता घंटी उघडून बघितली. तुम्ही लिहिलंत तसंच, शिवणीत पांढरं. नवरा म्हणतो, "म्हणजे मी आठ महिने चोरून गहू खातोय आणि मला चव पण नाही मिळाली."

हिंगाच्या डबीवर पण आहे, मैदा. चष्मा लावून वाचावं लागलं.

आणि एक गंमत सांगते, गंमत म्हणजे काय, तेव्हा रडायलाच आलं होतं. समोरच्या बेनला मी सांगितलं होतं की ह्यांना गहू चालत नाही, फक्त भाकरी चालते. ती बिचारी प्रेमाने डबा भरून "भाखरी" घेऊन आली. आता गुजरात्यांची भाखरी म्हणजे जाडा गहू आणि तुपाचं मोण! मी कामावर, ह्यांनी दोन खाल्ल्या, कारण डब्यावर चिठ्ठी होती, भाईसाठी स्पेशल. दोन दिवस पोट धरून. तिला अजून सांगितलेलं नाही, सांगणार पण नाही.

जुना_रावपुरेकर
घंटीचं आणि हिंगाचं वाचलं. फॅड म्हणालो ते मागे घेतो. माझ्या पुतणीचं पण हिमोग्लोबिन असंच कमी असतं, भावाला तपासायला सांगतो.

खमणप्रेमी
सोड्याऐवजी इनो चालेल का? माझं खमण इनोनेच होतं.

मोजूनमापून
चालेल, पण इनोत सोड्याबरोबर सायट्रिक आम्ल आधीच असतं, त्याला ताकाची गरज नाही आणि उडतो पण फार झटकन. मग त्याला सोडा ब्रेड म्हणू नका, इनो ब्रेड म्हणा. ताकाची ती हलकी आंबट चव जाते.

दांडियाबाजारची_सून
मंडळी, रिपोर्ट द्यायला आलेय. वीस दिवस लागले कारण आधी घंटीचा निकाल लावला. गहू आता बाहेर दळायला जातो, सासूबाईंनी स्वतः ठरवलं. जुन्या घंटीवर विश्वास बसेना म्हणून ती जाऊबाईंना दिली आणि नवीन घेतली, खर्च झाला पण असो. लाल पट्टी मी पण लावली.

मोजूनमापून यांचं माप तंतोतंत घेतलं. दही तीन दिवस ठेवलं, इथला उन्हाळा, तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर नाकात गेलं. चिमूट सोडा टाकला तर फेस वाटीबाहेर. इसबगोलाची खळ झाली, पीठ टाकलं, आणि खरं सांगते हात शिवशिवत होते मळायला, पण नाही मळलं. सहा इंची केकच्या डब्यात ओल्या हाताने गोळा बसवला, सुरी ओली करून फुली मारली. वीस मिनिटांनी काचेतून बघितलं तर फुली उमलायला लागलेली, चारही पाकळ्या वर. मुलाला हाक मारून दाखवली. पन्नास मिनिटांनी काढून उलटा केला, बुडाला टकटक केलं (मावशींनी मला मेसेज करून सांगितलं होतं, पोकळ आवाज आला पाहिजे) तर आवाज आला थप. परत आत, अजून दहा मिनिटं. मग आला ठक, लाकडी दारावर वाजवल्यासारखा. जुन्या मऊ सुती पातळाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला, त्याने वरचं कवच मऊ पडतं म्हणे. दोन तास नवरा ओट्याभोवती घुटमळत होता, मी सुरी लपवून ठेवली.

कापला. जाळी पडलीय! पावासारखी मोठी नाही, बारीक, ढोकळ्याच्या जवळची. पात्याला काही चिकटलं नाही. पण एक विचारायचंय, आतून रंग जांभळट आलाय, फिकट जांभळा, जसं पांढऱ्या कपड्याला रंग लागावा तसा. खराब झालाय का?

मोजूनमापून
नाही नाही, खा बिनधास्त. काही कंपन्यांच्या इसबगोलाने होतं तसं, चवीत काही फरक नाही. पुढच्या वेळी दुसरी पुडी आणून बघा.

लीकाठची_मावशी
जांभळा सोडा ब्रेड फक्त बडोद्यातच होऊ शकतो :) आणि उसळ???

दांडियाबाजारची_सून
उसळ दुसऱ्या दिवशी केली, कारण सेव पण घरीच पाडली, बाहेरच्या तेलात काय काय तळलेलं असतं कुणास ठाऊक. आणि त्यासाठी आजींचं ऐकून तव्यावरचं केलं. शंभर ग्रॅम ज्वारीची उकड काढली, पूर्ण गार केली, बाकीचं तेच, ताक-सोडा कमी करून. बिडाच्या तव्यावर बोटभर जाडीचा थापला, चार भाग, मंद आचेवर झाकण ठेवून एका बाजूने दहा मिनिटं, उलटून आठ. मग पाकळ्या कडेवर उभ्या करून कडाही शेकल्या. ओटीजीपेक्षा हेच जास्त जमलं मला सांगते. बाहेरून खरपूस, आतून ओलसर मऊ, आणि तर्रीत बुडवल्यावर विरघळला नाही, पिऊन घेतली त्याने तर्री.

नवरा काही बोलला नाही. दुसरी पाकळी मोडली, वाटी पुढे केली आणि म्हणाला अजून तर्री. मग तिसरी. सासूबाई म्हणाल्या चौथी माझी, दाराला लावायची नाहीये.

चुलीवरची_आजी
उकड काढल्यावर पीठ जरा जास्त तिंबलंस तरी चालेल त्या तव्यावरच्याला. ताक घालायच्या आधी. नंतर नको.

अकोट्याची_आई
तर्रीत हिंग नव्हता ना?

दांडियाबाजारची_सून
नाही ताई, हिंगाची डबी त्याच दिवशी समोरच्या बेनला देऊन टाकली. लसूण दुप्पट घालते आता. काल तीच विचारत होती, तुमच्या फोडणीचा वास हल्ली वेगळा येतो, काय घालता?